डाग दिसला पाहिजे

लोणावळ्याच्या बाजारात मला ‘गादीवाल्या ताई’ म्हणतात. गाद्यांशी माझा काहीही संबंध नाही. पण आमच्या टेम्पोतून करड्या कापसासारख्या मालाच्या गोण्या उतरतात, यंत्र घरघरायला लागतं आणि एक जाड नळी खिडकीतून घरात शिरते, हे बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? सुरुवातीला मी थांबून समजावून सांगायचे. आता म्हणते, “हो, गाद्याच भरतो. फक्त माणसांच्या नाही, छतांच्या.”

आमच्याकडच्या जुन्या घरांना वर कौलं असतात, खाली लाकडी फळ्यांचं छत आणि मध्ये अंधारा, पोकळ माळा. उन्हाळ्यात कौलं तापतात आणि माळ्यातली गरम हवा दिवसभर खालच्या खोलीला भाजत बसते. पावसाळ्यात उलटं होतं. खाली हीटर लावला की ऊब फळ्यांच्या फटींतून वर आणि कौलांतून बाहेर. म्हणजे बिल तुम्ही भरायचं आणि शेक कौलांवर बसलेल्या माकडांनी घ्यायचा. आम्ही फळ्यांच्या वर बारीक पिंजलेल्या रद्दी कागदाचा जाड थर हवेच्या जोराने पसरतो. त्याला आम्ही नुसतं ‘भराव’ म्हणतो. कागदात टाकणखार मिसळलेला असतो, त्यामुळे तो सहजासहजी पेटत नाही आणि वाळवीलाही रुचत नाही. थरात हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच ऊब अडवते. स्वेटरचं तत्त्व आहे, घराला घातलेला.

तळेगावजवळच्या एका कारखान्यात शीतगृहांच्या भिंती बनायच्या. तिथल्या स्टोअरमध्ये मी बरीच वर्षं होते. कारखाना हलला, मी हलले नाही. गार खोली गार ठेवायची कशी हे माहीत होतं, तर उबदार खोली उबदार ठेवता येईल, एवढ्या भांडवलावर हा धंदा काढला. आंबी गावचा दत्ता कारखान्यापासूनच माझ्याबरोबर आहे. तो माळ्यावर नळी धरतो, मी खाली यंत्रात माल सोडते आणि मालकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. दोन्हींत जास्त धूळ कुठे उडते हे सांगणं अवघड आहे.

मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. या कामात ते उपयोगी पडतं, कारण यंत्र चालायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ आधीच्या तयारीला जातो. जुन्या वायरी बदलून घ्यायच्या, उंदरांची बिळं बुजवायची, उदमांजराचा मुक्काम असेल तर त्याला सन्मानाने बाहेर काढायचं, फळ्यांच्या फटी बंद करायच्या, आणि वळचणीला वारा खेळायला जागा मात्र मोकळी ठेवायची. यातलं एक राहिलं तर भराव चांगला असूनही घर बिघडतं.

गिऱ्हाइकांचे नमुने विचारू नका. पवनानगरला धरणाच्या काठी तंबू भाड्याने देणाऱ्या एकाने मला बोलावून तंबूत भराव भरता येईल का, असं विचारलं. मी नाही म्हटल्यावर म्हणाला, “मॅडम, पब्लिकला रात्री लय गार लागतं. निदान उश्यांत तरी भरा.” तुंगार्लीच्या एका बंगल्यात आम्ही जीव तोडून काम केलं आणि मे महिन्यात मालकांचा फोन आला की एसी पूर्वीएवढाच चालतोय. जाऊन बघितलं तर एसी चालू आणि बाल्कनीचं दार सताड उघडं. “दार लावलं की कोंडल्यासारखं होतं हो,” ते म्हणाले. त्यावर माझ्याकडे भराव नाही.

पण या धंद्यात मला जे काही खरं शिकायला मिळालं, ते गायकवाड काकांच्या घरी.

काका रेल्वेत सिग्नलच्या देखभालीत होते. खंडाळ्याच्या घाटात, धुक्यात आणि पावसात, सगळी नोकरी त्यांनी तारा आणि खांब तपासण्यात काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोणावळ्यात एका मोठ्या बंगल्याच्या आवारातलं कौलारू घर विकत घेतलं. एकेकाळी ते नोकरांचं घर होतं आणि काकांचे वडील तिथे माळी म्हणून राहायचे. काका त्याच घरात जन्मले. हे त्यांनी मला पहिल्या भेटीत अगदी सहज सांगितलं, वीज मीटर कुठे आहे हे सांगावं तसं. बैठकीत बुद्धांची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली घराच्या खरेदीखताची चौकट केलेली पहिली पानं. कुणी खरेदीखताची चौकट केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

काकांची छाती कमजोर होती. पावसाळ्यात दम लागायचा, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. लोणावळ्याचा पाऊस बाहेरच्यांना भजी खाण्यापुरता माहीत असतो. आम्हाला तो चार महिने अंथरुणात, उशीत, चपलेच्या पट्ट्यात भेटतो. काकू कपाटात दिवा पेटता ठेवायच्या, कपडे कुबट होऊ नयेत म्हणून. काकांच्या खोलीत हीटर आणि ओल शोषणारं यंत्र दिवसरात्र चालायचं, तरी भिंतीवर बुरशी यायची. त्यांची मुलगी वैशाली वाकडला राहते. तिने सांगून टाकलं होतं, “बाबा, आणखी एकदा दवाखाना झाला की तुम्ही कायमचे माझ्याकडे. मग घराचं काय करायचं ते बघू.” काकांना मुलीचा फ्लॅट वाईट वाटत नव्हता. पण तिथे गेलो की परत येणं होणार नाही, हे त्यांना कळत होतं.

म्हणून मला बोलावलं होतं.

मी घर तपासून दोन कामं सुचवली. एक भराव. दुसरं, कौलांच्या खाली, वाशांना धरून, उतरत्या छपराबरोबर एक जाड कापड ताणायचं. त्यातून वाफ जाते, पाणी जात नाही. कौल सरकलं तर पाणी भरावावर न पडता कापडावरून वळचणीकडे उतरतं.

काकू हिशेबाच्या पक्क्या. त्यांनी दुसऱ्या कामावर बोट ठेवलं. “हे कशाला? आमच्याकडे दर मे महिन्यात किसन आबा येतात की कौलं चाळायला.”

कौलं चाळणं बाहेरच्यांना सांगायला हवं. पावसाआधी जाणता माणूस छपरावर चढतो, एकेक कौल उचलून झाडतो, फुटकं बदलतो, सरकलेलं बसवतो. किसन आबा कुरवंड्याचे. सत्तरी आलेली, अंगाने काटकुळे, आणि आमच्या भागातल्या निम्म्या जुन्या छपरांना त्यांचे पाय ओळखीचे. आबा दर वर्षी येणार असतील तर कापडाविना चालण्यासारखं होतं. मी ते काम कमी केलं आणि काकूंना बजावलं, “आबा मात्र चुकवायचे नाहीत.”

“आबा कसे चुकतील? न बोलावता येतात,” काकू म्हणाल्या.

त्या वर्षीचा पावसाळा काकांनी घरात काढला. हीटर अधूनमधून लागायचा आणि आपोआप बंद व्हायचा. बुरशी आली नाही. कपाटातला दिवा काकूंनी स्वतःच काढला आणि हे सांगायला मला मुद्दाम फोन केला. छत आतून पांढरंशुभ्र रंगवून घेतलं होतं, त्यावर एक डाग पडला नाही. वैशालीने दिवाळीला फराळाचा डबा पाठवला. मी तो यादीत कुठे लिहायचा ते न कळून नुसता खाल्ला.

पुढच्या जुलैत काकांचा फोन आला. “ताई, तब्येत बरी आहे. पण हीटर बंद होत नाहीये.”

“बिघडला असेल.”

“बिघडला नाही. मी उघडून बघितला. पूर्वी टक्कन आवाज यायचा, बंद व्हायचा, बऱ्याच वेळाने परत लागायचा. चार दिवस झाले, टक् ऐकलं नाही. खोली ऊब धरत नाहीये.”

त्या आठवड्यात पावसाने उसंत दिली नव्हती. मी दत्ताला घेऊन गेले. खोलीत शिरल्यावर आधी वर पाहिलं. छत पांढरं, कोरडं. काकू शेजारी उभ्या होत्या. “बघा ना, एवढा पाऊस, पण डाग नाही. यांचं आपलं काहीतरी.”

दत्ता माळ्यावर चढला. थोड्या वेळाने वरून त्याचा आवाज आला, “ताई, वरनं सगळं बराबर दिसतंय.” मग जरा थांबून, “हात घालून बघतो.” मग, “ताई, काकांना त्या पलंगावरनं उठवा. आत्ताच.”

भरावाचा वरचा थर जेमतेम ओलसर होता. त्याच्या खाली दत्ताचा हात कोपरापर्यंत लगद्यात गेला होता. आमचा माल पाणी धरतो, भरपूर धरतो. छपरातून थेंब थेंब गळत होतं, भराव ते सगळं मुकाट पीत होता आणि खाली एक डाग पडू देत नव्हता. त्याचं वजन फळ्यांवर होतं, फळ्या काकांच्या पलंगावर वाकायला लागल्या होत्या, आणि नव्या रंगाने फटी बुजल्यामुळे खालून काही कळत नव्हतं.

काकांना बैठकीत बसवलं. मी काकूंना विचारलं, “आबा येऊन गेले ना मे महिन्यात?”

काकू पदराशी चाळा करायला लागल्या. “आले होते.”

“मग?”

“मी म्हटलं, औंदा राहू द्या. मागच्या पावसात एक डाग नाही. डागच नाही तर कौलं कशाला चाळायची? छपरावर पाय पडला की उलट चार फुटतात.”

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच नियम आहे. डाग पडला की आबांना सांगायचं, आबा डागाच्या वर चढतात. घर आजारी पडलं की डागातून बोलतं. आमच्या भरावाने त्याचं तोंड बंद केलं होतं आणि काकूंनी त्या गप्प बसण्याचा अर्थ तब्येत उत्तम असा घेतला होता. लोणावळ्यातल्या कुठल्याही बाईने तोच घेतला असता.

आबांना फोन केला. पलीकडून फक्त, “आलो,” एवढंच आलं. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन ते दारात उभे राहिले, तेव्हा त्यांनी काकूंकडे बघितलंच नाही.

“आमची आठवन कशी झाली औंदा?” त्यांनी दाराच्या चौकटीला विचारलं.

“आबा, आधी चहा घ्या,” काकू म्हणाल्या.

“चा नको. शिडी द्या.”

“छपरावर नका हो चढू या पावसात, शेवाळ आहे.”

“मावशी, मला काय मराया बलावलंय व्हय? आतनं सरकवतो.” आबा काकूंपेक्षा वयाने मोठे, पण रुसले की त्यांना मावशी म्हणतात, हे मला नंतर कळलं.

माळ्यावर गेल्यावर आबांनी आमच्या भरावाकडे बघून जे तोंड केलं, ते दत्ता अजून करून दाखवतो. “ह्यो कापूस कुनी टाकला हितं? वासा कुटं, फळी कुटं, काय दिसंना. पाय द्यायचा कुटं?”

“आबा, त्यानं घर ऊबदार राहतं,” दत्ता म्हणाला.

“ऱ्हातं की. दिसतंय. पार घाम फुटलाय घराला.”

तेही चुकत नव्हते, आम्हीही नव्हतो. पण हे समजवायची ती वेळ नव्हती. माकडांनी पन्हळीजवळची दोन-चार कौलं सरकवली होती. आबांनी आतून हात घालून ती बसवली. दत्ताने ओला लगदा घमेल्यांत भरायला सुरुवात केली, मी शिडीवर उभी राहून घमेली खाली देत होते, काकू ती अंगणात नेऊन ओतत होत्या. बैठकीतून काका प्रत्येक घमेल्याकडे बघत होते. आपलं घर रिकामं होताना बघावं तसे.

तेवढ्यात वैशालीची गाडी आली. ती शनिवारी येतेच. दारातून आत आली तेव्हा पॅसेजभर करडा चिखल होता, बाबांच्या पलंगावर ताडपत्री आणि शिडीवर मी.

तिने आवाज चढवला नाही. “बाबा, बॅग भरा,” एवढंच म्हणाली.

“अगं, दोन दिवसांत सुकेल,” काकू म्हणाल्या.

“आई, हे बाबांच्या अंगावर पडलं असतं.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही सांगा, पडलं असतं की नाही?”

“पडलं असतं,” मी म्हटलं. खोटं बोलून काम मिळवायचं असतं तर मी तंबूवाल्याच्या उश्या भरल्या असत्या.

काका उठले, कपाटातून कपडे काढायला लागले. निघताना त्यांनी चौकटीतल्या खरेदीखतावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. काकू त्यांच्याबरोबर गेल्या. किल्ली माझ्याकडे दिली. आबा ओट्यावर बसून आता स्वतःहून मागितलेला चहा पीत होते. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर ते म्हणाले, “गायकवाड भाऊ परत येत्याल न्हवं?” मी म्हटलं, “बघू.”

पाऊस सरल्यावर आम्ही माळा पूर्ण मोकळा केला, फळ्या सुकवल्या, वाकलेल्या बदलल्या. मग मी वाकडला गेले. काका बाल्कनीत बसले होते. समोर दुसऱ्या इमारतीची बाल्कनी. तब्येत चांगली दिसत होती, हेच त्यांच्या विरोधात जात होतं.

मी नवा बेत मांडला. कौलांखाली कापड, पाय ठेवायला माळ्यावर फळ्यांची वाट, मग भराव. वैशाली ऐकत होती. “आणि पुन्हा कळलंच नाही तर?” तिने विचारलं. रास्त प्रश्न होता. कापड फाटू शकतं. मी म्हटलं, मी दर जुलैत येऊन बघेन. तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

काका तोवर बोलले नव्हते. आता म्हणाले, “आमच्याकडे सिग्नलची तार तुटली तर खांबावरचा हात आपोआप धोक्यावर यायचा. तशीच रचना असते. बिघाड झाला की लाल. गाडी थांबेल, लोक शिव्या देतील, पण आदळणार नाही. ताई, तुमचं छत तार तुटल्यावरही हिरवंच राहिलं.”

“मग काय करायचं?”

“मला डाग दिसला पाहिजे.”

काकू उसळल्या. “आता मुद्दाम डाग पाडून घेणार? पाहुणे काय म्हणतील?”

“पाहुण्यांना बैठकीत बसव.”

मी आधी विरोध केला. भरावात जागा सोडणं म्हणजे स्वेटरला भोक ठेवणं. पण वाकडहून परतताना टेम्पोत बसून मी आणि दत्ता त्यावरच बोलत राहिलो, आणि कामशेत येईपर्यंत मार्ग निघाला. कापड उतरतं असणारच. त्यावर कुठेही पाणी पडलं तरी ते खालच्या कडेलाच येणार. ती कड काकांच्या पलंगाच्या पायथ्याशी येईल अशी घ्यायची आणि तिथे छताची एक अरुंद पट्टी भरावाशिवाय, रंगाशिवाय, उघडी ठेवायची. थोडी ऊब जाईल. पण घराला तोंड राहील.

काम करताना आबांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी फळ्यांच्या वाटेवर उड्या मारून बघितल्या, कापड चिमटीत धरून ओढलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली पळत जाऊन पट्टीकडे बघत उभे राहिले. लाकूड हळूहळू काळवंडलं. “व्हय,” ते म्हणाले. “आता बोलतंय.” मग काकूंकडे वळून, “मावशी, म्या मे महिन्यात येनार. बलावा नायतर नका बलावू.”

“आबा, रुसवा सोडा आता,” काकू म्हणाल्या. “यंदा घावन करून ठेवते.”

वैशालीने मात्र शब्द दिला नव्हता. एक पावसाळा बघू, एवढंच म्हणाली होती. जूनमध्ये काका-काकू घरी परतले, पण काकांची बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. तिचीच अट होती ती. दर शनिवारी ती यायची, आधी पट्टीकडे बघायची, मग वडिलांकडे. हे मला काकूंनी सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात.

जुलैतल्या एका सकाळी मी एका बंगल्यात यंत्र लावत होते. फोन वाजला. यंत्र बंद केल्याशिवाय ऐकू येईना, म्हणून बंद केलं.

“ताई!” काकांचा आवाज मुलाला पहिला नंबर मिळाल्यासारखा. “डाग पडला!”

मागून काकू ओरडल्या, “वाटीएवढा आहे म्हणावं, वाटीएवढा!”

“कधी?”

“आज पहाटे नव्हता. माकडं नाचली होती रात्री. पलंगावर एक थेंब नाही. हीटर टक् करतोय.”

शनिवार होता. “वैशाली आली आहे का?”

“आली आहे की. तिनेच आधी बघितला. आता खुर्चीवर चढून पेन्सिलने त्याच्याभोवती गोल काढतेय, वाढतो का ते बघायला.”

“काय म्हणाली?”

काकांनी फोन दूर धरला असावा, कारण तिचा आवाज मला थेट ऐकू आला. खुर्चीवरून, मान वर करून बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा, जरा दबलेला.

“आई, आबांना फोन लाव. आणि ती बॅग काढ पलंगाखालून, खुर्ची नीट बसत नाहीये.”